कुंपण सर

कुंपण सरांच्या घराला कुंपण नव्हतं. सुरतेच्या गोडादरा भागातल्या त्या रांगेत कुणाच्याच घराला नव्हतं म्हणा. याची भिंत तीच त्याची भिंत, दार उघडलं की पायरी आणि पायरी संपली की रस्ता. एखादा सायकलवाला जरा कलला तर त्याचं हँडल सरांच्या दाराला घासून जायचं. अशा घरात राहून हा माणूस वर्षानुवर्षं एका शब्दाच्या मागे हात धुऊन लागला होता, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ होता कुंपण.

त्यांचं खरं नाव रामदास पाटील. आमच्या मराठी शाळेत ते मराठी आणि इंग्रजी शिकवायचे. मी बडोद्याची, यांची बँकेतली बदली सुरतेला झाली म्हणून त्या शाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी मला बजावलं, "पाटील सरांना गार्डन शब्दाबद्दल चुकूनही काही विचारू नका. तुमचा पुढचा तास गेलाच म्हणून समजा." मला कुणी एखादी गोष्ट करू नका म्हटलं की राहवत नाही. मधल्या सुट्टीत मी विचारलंच.

सरांनी खिशातला खडू काढून टेबलावरच एक गोल काढला. "हे काय आहे, बाई?" मी म्हटलं, गोल. "गोल नव्हे. माणूस रानात आला आणि त्यानं काटेरी फांद्या अशा रोवल्या. अजून भिंत नाही, छप्पर नाही, चूलसुद्धा नाही. पण आत आणि बाहेर झालं ना? या आतल्याचं जे नाव, तो आपला शब्द." मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्या खवचटपणाचा जरा विसरच पडला. जर्मन माणूस त्याला गार्टन म्हणतो आणि आत फुलझाडं लावतो. इंग्रज यार्ड म्हणतो आणि मोकळं सोडतो. स्वीडनमधला शेतकरी गोर्ड म्हणतो, त्यात त्याचं घर, गोठा, कोठार, सगळं आलं. गॉथ नावाचे जुने लोक होते, त्यांची भाषा बोलणारं आता जगात कुणी उरलेलं नाही. ते म्हणायचे गार्ड्स. "आणि त्यांचा अर्थ काय होता, सांगा? बाग नाही, परसू नाही. घर. सरळ घर!" टेबलावर थाप मारून ते म्हणाले. घंटा होऊन गेली होती आणि माझा वर्ग बोंबलत होता.

इंग्रजीतला गार्डन हा मात्र त्यांच्या मते परतलेला पाहुणा. तो याच कुटुंबातला, पण फ्रान्सला जाऊन, तिथले कपडे घालून इंग्लंडात शिरला, आणि तिथे त्याचा सख्खा भाऊ यार्ड आधीपासून राहतच होता. "दोघं शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत," असं म्हणून ते हसायचे. आपला गृह आणि त्याच्यापासून झालेला आपला घर, हेही याच मुळातले असावेत असं पुष्कळ पंडित मानतात, हे ते सगळ्यात शेवटी सांगत. सांगताना आवाज खाली आणत. "असावेत म्हणतोय मी, बाई. छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका." पण त्यांचा स्वतःचा विश्वास होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

वर्गात नवा मुलगा आला की सर त्याला नावाच्या आधी घर कुठे ते विचारायचे. आमची बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या माग-कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती. एकदा एका मुलीनं उभं राहून सांगितलं, "सर, घर ते गावमा शे. आठे आम्हनी खोली शे." मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर त्यांचा तो गोल काढला आणि तिला विचारलं, तुमच्या खोलीत कोण कोण राहतं? तिनं आई, बाप, भाऊ, मामा अशी सगळी नावं सांगितली. सरांनी ती एकेक करून गोलात लिहिली आणि म्हणाले, "हे झालं घर. कुंपण बाहेरच्यासाठी नसतं, पोरी. ते आतल्यांसाठी असतं." हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

हे जर्मनचं खूळ त्यांना पुण्यात कॉलेजात असताना लागलं. त्यांना पुण्याला ठेवलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. या भावाला सगळे जिभाऊ म्हणत. जिभाऊ सगळ्यांच्या आधी सुरतेला आले, मागावर दोन-दोन पाळ्या उभे राहिले, धाकट्याला शिकवलं, आणि मग अर्धी भाऊबंदकी गावाहून उचलून इथे आणली. सरांना पुढे जर्मनीला जायचं होतं. पण जिभाऊंनी मराठी शाळेत मास्तर हवाय म्हणून निरोप धाडला आणि सर पुण्याहून सुरतेला आले. तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही. जिभाऊ आले की सर खुर्चीतून उठून उभे राहत, केस पांढरे झाल्यावरही.

जिभाऊ कामाला होते त्या कारखान्यात एकदा यंत्र बसवायला जर्मन मिस्त्री आला, तेव्हा दुभाष्या म्हणून सरांना बोलावलं होतं. शेटला एवढंच जाणून घ्यायचं होतं की यंत्र कधी चालू होणार. सर आणि तो मिस्त्री पायऱ्यांवर बसून बोलतायत, बोलतायत, मिस्त्री हातवारे करून काहीतरी सांगतोय, शेट घड्याळ बघतोय. शेवटी जिभाऊंनी दंडाला धरून भावाला उठवलं आणि विचारलं, काय म्हणतो हा? सर आनंदानं म्हणाले, "याच्या आजीच्या गावाला फळबागेला वेगळाच शब्द आहे!" यंत्राचं विचारायचं राहूनच गेलं होतं. जिभाऊ हा किस्सा सांगताना कपाळावर हात मारून घेत, पण सांगत मात्र अभिमानानं.

श्रावणात जिभाऊंच्या घरी कानबाई बसे. खानदेशी घरात कानबाईचं महत्त्व काय, हे मला सुरतेतच कळलं. नारळाला देवी करून, नथ घालून, लुगडं नेसवून पाटावर बसवतात, बायका रात्रभर गातात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेतात. पण खरी गोष्ट रोटांची. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं, तान्ह्या पोरासकट, सव्वा मूठ गहू काढायचा. तो घरीच दळायचा, आणि त्याचे पुरणाचे रोट घरच्यांनीच खायचे. लग्न होऊन आलेली सून घरची, ती खाणार. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. मी दरवर्षी दर्शनाला जायची, प्रसादाच्या लाह्या घ्यायची आणि पानं मांडायला लागले की उठायची. सर दारापर्यंत सोडायला येत आणि हळूच म्हणत, "बघितलंत? गार्ड्स म्हणतात ते हेच."

सरांना एकच मुलगा, संजू. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड रंगवायच्या कारखान्यात तो कामाला लागला, आणि तिथेच हिशेबनीस असलेल्या हेतलशी त्यानं लग्न केलं. मुलगी सुरतचीच, गुजराती. आपल्यातली नाही म्हणून जिभाऊंनी त्याचं नाव टाकलं. त्या श्रावणात गहू काढायच्या दिवशी मी सरांच्या बायकोबरोबर, माईंबरोबर, तिथे होते. घरातला वडील म्हणून जिभाऊ गोणीशी बसले होते. एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ परातीत सोडायची. "रामदास" म्हणाले, सरांची मूठ पडली, आणि त्यानंतर जे नाव यायचं ते आलंच नाही. हात पुढच्या पुतण्याकडे गेला. माईंनी पदर तोंडाशी धरला. सर परातीतल्या गव्हाकडे बघत राहिले.

मला त्यांचा राग आला होता. काही दिवसांनी मी त्यांना गाठून विचारलं, "सर, कुंपण आतल्यांसाठी असतं ना? मग संजू?" ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, ज्यानं कुंपण घातलं, त्याच्या हाताला धरून मी आत आलोय. त्याला कसं सांगू, थोडं मोठं घाल म्हणून?" त्यानंतर फळ्यावरचा तो गोल पुष्कळ दिवस दिसला नाही. मुलंच विचारायची, सर, आज यार्ड नाही का?

दोन-तीन श्रावण असेच गेले. संजू सचिनला, म्हणजे बसनं तासाभराच्या आत, आणि बापलेकांची गाठ नाही. माई चोरून जाऊन यायच्या. हेतलला दिवस गेल्याची बातमी त्यांनीच आणली. त्या वर्षी गहू काढताना जिभाऊंनी "रामदास" म्हटलं, मूठ टाकली, आणि हात उचलायच्या आत सर पुढे सरकले. त्यांनी स्वतःचा हात गोणीत घातला, सव्वा मूठ भरून परातीत सोडली आणि म्हणाले, "संजय." मग भावाकडे न बघता बोलले, "जिभाऊ, आजपावत काही मांगं नही. एक मूठ मांगस."

जिभाऊंनी मूठ मागे काढली नाही. एवढंच म्हणाले, "टाकी दिधी तू. पन खावाले कोन येई?"

रोट झाले. आता पौर्णिमेच्या आत संजूनं येऊन आपला रोट खायला हवा होता. सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही बडोद्याच्या. तुमची गुजराती मला उसनी द्या." सुरतेत जन्म काढूनही त्यांना गुजराती धड येत नव्हती, सगळं लक्ष मेलेल्या भाषांकडे. मी म्हटलं, सुनेशी बोलायला भाषा लागते की हिंमत? "दोन्ही उसनं हवंय," म्हणाले. आम्ही सचिनला गेलो.

संजूचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, पण पुढे थोडी मोकळी जागा होती आणि तिला त्यानं कुंपण घातलं होतं. कारखान्यातले रंगाचे रिकामे पत्र्याचे डबे कापून, ठोकून सपाट केलेले आणि एकाला एक तारेनं बांधलेले. कुठे निळे ओघळ, कुठे लाल. आत तुळस आणि दोरीवर धुणं. सर त्या पत्र्यांवरून हात फिरवत फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ज्या माणसानं कुंपणाचे इतक्या भाषांतले शब्द गोळा केले, त्याला मुलाच्या कुंपणाचं फाटक ढकलवेना. हेतल धुणं काढायला बाहेर आली. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं. डोक्यावर पदर घेत म्हणाली, "आवो ने पप्पा, बहार केम ऊभा छो?"

माझ्या गुजरातीची गरजच पडली नाही. चहा झाला. संजूनं सगळं ऐकून घेतलं. मूठ कुणी टाकली हे ऐकून त्याचे डोळे भरले, ते त्यानं लपवले. मग म्हणाला, "आप्पा, मी येस. पन एकला नही. तीबी येई, आणि पंगतीले बसी." बरोबरच होतं त्याचं. सरांनी हो म्हणायला तोंड उघडलं, मी बघितलं ते. आणि म्हणाले, "जिभाऊले इचारस."

संजू उठून उभा राहिला. "इचारा," एवढंच म्हणाला.

जिभाऊ म्हणाले, "पोऱ्याले येऊ दे. तिले नही." हे सांगायला सर परत सचिनला गेले नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार? पौर्णिमा आली. जिभाऊंच्या घरचा नेम मोडायचा नाही म्हणून त्या दिवशी संजूच्या वाट्याचा रोट सरांनीच खाल्ला. माई सांगत होत्या, एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होते, आणि उठल्यावर हात धुवायचंही त्यांना सुचलं नाही.

त्याच वर्षी गणपती उठले आणि सुरतेत प्लेगची हाकाटी झाली. तापीच्या पुराचा गाळ अजून गल्लोगल्ली होता. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनाकडे धावत सुटली. भुसावळकडच्या गाड्यांना दारातसुद्धा जागा नव्हती. यांनी मला मुलांसकट बडोद्याला धाडलं. जिभाऊ सगळ्या भाऊबंदांना घेऊन गावी निघाले, माईंनाही नेलं. सर मात्र हटून बसले. जिभाऊंचं न ऐकण्याची ती त्यांची आयुष्यातली पहिली वेळ. म्हणाले, "संजू उना तर घर बंद दिसाले नको."

पुढचं मला हेतलनं सांगितलं. गोडादऱ्यातली अख्खी रांग कुलूपबंद, आणि एकाच दाराच्या पायरीवर एक म्हातारा बसलाय, असं कुणीतरी संजूच्या कानावर घातलं. तो तसाच निघाला. सर पायरीवरच होते, अंगात सणसणून ताप. त्या दिवसांत ताप म्हटल्यावर सख्खी माणसं लांब पळत होती, रिक्षावाले थांबत नव्हते. संजूनं त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवलं, स्वतःच्या कमरेला त्यांचे हात बांधले आणि सचिनपर्यंत आणलं. शेजारी ओरडले, पोटुशी बाई घरात आहे, म्हाताऱ्याला आत घेऊ नका. हेतलनं फाटक सताड उघडलं. त्या तापातही सर फाटकाशी थबकले. संजू म्हणाला, "आता कोनले इचारतस, आप्पा?" सर म्हणाले, "कोनलेच नही." आणि आत गेले.

प्लेग नव्हताच तो. तिथल्या डॉक्टरनं तसं सांगितलं, दुसरा कसला तरी ताप होता, आणि छाती आधीच दमलेली. जेमतेम आठवडाभर सर त्या घरात राहिले. हेतल त्यांना पेज भरवायची आणि ते मोडक्या गुजरातीत तिला गार्टन, गोर्ड, गार्ड्स समजावायचे. सगळ्यात शेवटी तिला विचारलं, तुमच्या गुजरातीत काय म्हणता? ती म्हणाली, "घर." त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. गेले तेव्हा पाण्याचा चमचा तिच्याच हातात होता. माई आणि जिभाऊ पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी बडोद्याहून परतले तेव्हा शाळेत त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. अजूनही मधल्या सुट्टीत हातात खडू घेतला की मला ते आठवतात.

हेतलला मुलगी झाली. माई सचिनला राहायला गेल्या, आणि पुढच्या श्रावणात त्यांनी जिभाऊंना निरोप पाठवला, औंदा कानबाई मन्हाकडे बसी. जिभाऊ येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. गहू काढायच्या दिवशी मी तिथे होते. जिभाऊ आले, खांद्यावर गावच्या गव्हाची पिशवी घेऊन. वर्षभरात पार वाकले होते. त्या रंगीत पत्र्यांच्या बाहेर ते तसेच उभे राहिले, जिथे सर उभे राहिले होते तिथेच. हेतल कडेवरच्या पोरीला सावरत पुढे झाली. "आवो ने दादा, बहार केम ऊभा छो?"

जिभाऊ आत येऊन परातीशी बसले. सगळ्या पुतण्यांची नावं झाली. "संजय" म्हणाले, मूठ पडली. मुलीची मूठ नसते, आणि गेलेल्या माणसाचीही नसते. माई परात उचलायला वाकल्या, तर जिभाऊंचा हात पुन्हा पिशवीत गेला. सव्वा मूठ गहू घेऊन तो हात परातीवर आला. मग म्हणाले, "रामदास."

माईंनी खाली बघतच विचारलं, "जिभाऊ, खावाले कोन येई?"

जिभाऊंनी हेतलकडे बोट केलं. "जिनी त्याले पानी पाजं, ती खाई."

जातं मांडायला घेतलं तशी मी उठले. मी परकी, माझी वेळ झाली होती. दारापर्यंत सोडायला या वेळी सर नव्हते. हे सगळं त्यांना दिसायला हवं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं हो त्या माणसाचं. मी अंगण ओलांडून बाहेर आले, फाटक ओढून घेतलं आणि बाहेरून हात घालून आतली कडी नीट लावली.